जपानी साहसपटांतील संघर्षरचना : ‘ताते’ची परंपरा आणि मुखवट्याआडचे कलावंत

पडद्यावर एक सामुराई वीस जणांच्या घोळक्यात शिरतो आणि काही क्षणांत वीसही जण जमिनीवर कोसळतात. प्रेक्षकांच्या स्मरणात राहतो तो सामुराई. प्रत्यक्षात ते दृश्य त्या वीस जणांनी उभे केलेले असते. आणि कोणी कोणत्या क्षणी, कोणत्या दिशेने, किती अंतरावरून चाल करायची हे ठरवणारी व्यक्ती पडद्यावर दिसतही नाही. जपानी नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकांतील या संघर्षरचनेला ‘ताते’ म्हणतात, तर ती रचना करणाऱ्याला ‘तातेशी’. ‘ताते’ हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहितात, त्यांचा अर्थ ‘वध’ आणि ‘व्यूह’ असा होतो. हिंदी चित्रपटसृष्टीतील ‘फाइट मास्टर’ हा तातेशीचा सर्वांत जवळचा समव्यवसायी मानता येईल. मात्र तातेशीच्या कलेची मुळे चित्रपटापेक्षा पुष्कळ जुनी असून ती काबुकी रंगभूमीपर्यंत पोहोचतात.

काबुकीचा वारसा

काबुकी नाटकातील लढाईच्या प्रसंगाला ‘ताचिमावारी’ म्हणतात. त्यात शस्त्रे एकमेकांवर क्वचितच आदळतात. नायक मध्यभागी असतो, शिपाई किंवा शत्रू त्याच्याभोवती नृत्यासारख्या आकृत्या रचतात, आणि महत्त्वाच्या क्षणी नायक डोळे वटारून, शरीर ताणून स्थिर उभा राहतो. या स्थिर मुद्रेला ‘मिए’ असे नाव आहे. त्याच वेळी रंगमंचाच्या कडेला बसलेला वादक लाकडाचे दोन तुकडे फळीवर आपटून तो क्षण ठळक करतो. मार खाल्लेले दुय्यम नट हवेत कोलांटी घेऊन पाठीवर पडतात. या कोलांटीला ‘तोंबो’, म्हणजे चतुर हा कीटक, असे नाव आहे.

एकाच्या पराक्रमासाठी अनेकांनी केलेली आखीव हालचाल, निर्णायक क्षणी येणारी स्थिरता आणि आघाताला ध्वनीची जोड ही तीन तत्त्वे पुढे चित्रपटाने आणि दूरचित्रवाणीने जशीच्या तशी उचलली. मुखवटाधारी पाच नायक एका रांगेत उभे राहून आपापले नाव पुकारतात, हे बालमालिकांतील परिचित दृश्यही याच परंपरेशी जोडले जाते. कावाताके मोकुआमी या नाटककाराच्या १८६२ सालच्या एका काबुकी नाटकात पाच चोर असेच ओळीने उभे राहून स्वतःची ओळख सांगतात, आणि तो प्रवेश जपानमध्ये आजही लोकप्रिय आहे.

वास्तवाची मागणी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या शैलीदार लढाईविषयी असमाधान व्यक्त होऊ लागले. शोजिरो सावादा या नटाने १९१७ मध्ये ‘शिनकोकुगेकी’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. वेगवान आणि खऱ्या वाटणाऱ्या तलवारबाजीमुळे या संस्थेला मोठी लोकप्रियता मिळाली. काबुकीच्या संस्कारात वाढलेला एक तातेशी आणि वास्तवदर्शी लढाई हवी असलेला त्याचा प्रमुख नट यांच्यातील ओढाताण ‘तातेशी दानपेई’ या कथेचा विषय झाली. मासाहिरो माकिनो यांनी १९५० मध्ये त्यावर चित्रपट काढला. त्याच्या पटकथेशी अकिरा कुरोसावा यांचे नाव जोडलेले आहे. सौंदर्य की सत्य, हा त्या कथेतील प्रश्न या व्यवसायाला आजही सुटलेला नाही.

मूकपटांच्या काळात त्सुमासाबुरो बांदो यांच्या ‘ओरोची’ (१९२५) या चित्रपटातील अखेरच्या प्रदीर्घ लढाईने पडद्यावरील तलवारबाजीचा कस वाढवला. एकटा, थकलेला, कोंडीत सापडलेला माणूस शिपायांच्या झुंडीशी लढतो, ही कल्पना त्यानंतर शेकडो चित्रपटांनी वापरली. युद्धोत्तर काळात कुरोसावा यांनी लढाईतील डौल बाजूला सारून तिच्यातील भीती, दमछाक आणि चिखल दाखवला. ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) या चित्रपटासाठी कातोरी शिंतो परंपरेतील तलवारगुरू योशिओ सुगिनो यांनी नटांना शिक्षण दिले. ‘योजिंबो’ (१९६१) आणि ‘सांजुरो’ (१९६२) यांच्या लढायांची रचना र्‍यू कुझे यांची होती. तलवारीने शरीर कापले जात असल्याचा ध्वनी दृश्याला जोडण्याची पद्धत ‘योजिंबो’पासून रूढ झाली, असे मानले जाते. ‘सांजुरो’च्या शेवटी दोन योद्धे दीर्घ काळ एकमेकांसमोर निश्चल उभे राहतात आणि एकाच वारात निकाल लागतो. घाव मोजून प्रभाव वाढत नाही, घावाआधीच्या शांततेने तो वाढतो, हे या दृश्याने दाखवून दिले.

लढाई कशी रचली जाते

तातेच्या परिभाषेत मुख्य लढवय्याला ‘शिन’, म्हणजे गाभा, म्हणतात. त्याच्यावर चालून येणारे ते ‘कारामी’, म्हणजे वेढा घालणारे. तातेशी प्रथम पटकथा वाचून पात्राचा स्वभाव, त्याचे लढाईतील कौशल्य आणि त्या क्षणाची मनःस्थिती समजून घेतो. कसलेला योद्धा कमी हालचालीत शत्रूला संपवतो, नवशिका तलवार वाया फिरवतो, संतापलेला माणूस स्वतःचा बचाव विसरतो. हा फरक हालचालीतून दिसला नाही, तर लढाई म्हणजे कथेतील निव्वळ खंड ठरते. त्यानंतर जागेची पाहणी होते. अरुंद बोळ, जिना, कागदी सरकते दरवाजे, पावसाने निसरडे झालेले अंगण, यांतील प्रत्येक गोष्ट लढाईची चाल बदलते.

मग एकेक ‘हात’ ठरवला जातो. कोण पहिला धावेल, त्याचा वार कोणत्या बाजूने येईल, तो कुठे पडेल आणि त्याच्या पडण्याने दुसऱ्याला कोणती वाट मोकळी होईल, याचा हिशेब बुद्धिबळातील चालींसारखा मांडला जातो. सराव अत्यंत संथ गतीने सुरू होतो. हालचाली अंगवळणी पडल्यावरच वेग वाढवला जातो आणि प्रत्यक्ष चित्रीकरणाचा वेग सर्वांत शेवटी येतो.

दोन पथ्ये कसोशीने पाळली जातात. पहिले नजरेचे. वार करणारा आणि झेलणारा एकमेकांच्या तयारीची खूण डोळ्यांनी पटवतात आणि ती पटल्याशिवाय शस्त्र पुढे येत नाही. दुसरे अंतराचे. तलवारीचे टोक शरीरापासून सुरक्षित अंतरावरून जाते. ते अंतर कॅमेऱ्याच्या कोनामुळे प्रेक्षकाला दिसत नाही. ठोसा आणि लाथ यांनाही हाच नियम लागू होतो. कॅमेरा, मूठ आणि चेहरा एका रेषेत आले की त्यांच्यामधली वीतभर पोकळी नाहीशी होते आणि ठोसा चेहऱ्यावरच बसल्याचा भास होतो. उरलेले काम मार खाणाऱ्याचे. त्याची मान वेळेवर वळली नाही, तर सर्वोत्तम ठोसाही खोटा दिसतो.

कराटे, जूदो किंवा केंदो यांतील प्रावीण्य येथे उपयोगी पडते, पण पुरेसे ठरत नाही. खऱ्या लढतीतील उत्तम प्रहार छोटा, सरळ आणि प्रतिस्पर्ध्याला आधी न दिसणारा असतो. पडद्यावरील प्रहार प्रेक्षकाला आधी दिसावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्याला दुखापत न करता थांबावाही लागतो. त्यामुळे युद्धकलेचे शिक्षण घेतलेल्या कलावंताला आपल्या सवयी काही प्रमाणात मोडाव्या लागतात.

शस्त्रांबाबतही ठरलेल्या पद्धती आहेत. बांबू किंवा लाकडाच्या पात्यावर चंदेरी मुलामा दिलेल्या नकली तलवारीला ‘ताकेमित्सु’ म्हणतात. पाते जवळून दिसणार असेल, तेव्हा धार नसलेल्या धातूच्या तलवारी वापरल्या जातात. हे पथ्य मोडल्याची किंमत जपानी चित्रपटसृष्टीने मोजली आहे. १९८९ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘झातोइची’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात, डिसेंबर १९८८ मध्ये, नकली तलवारीच्या जागी खरी तलवार वापरली गेली आणि तिच्या घावाने एका नटाचा मृत्यू झाला. शस्त्र कोणी आणले, कोणी तपासले आणि कोणाच्या हाती दिले, या साध्या प्रश्नांवर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे त्या घटनेने कठोरपणे अधोरेखित केले.

मरण्याची कला

क्योतोतील तोएई स्टुडिओत ऐतिहासिक चित्रपटांच्या निर्मितीमुळे एक स्वतंत्र व्यवसाय विकसित झाला. ‘किरारेयाकू’ म्हणजे कापल्या जाणाऱ्याची भूमिका करणारा नट. त्याचे नाव श्रेयनामावलीत अनेकदा येत नसे, मात्र त्याच्याविना कोणताही नायक शूर ठरत नसे. या नटांमध्ये सर्वांत प्रसिद्ध झाले ते सेइझो फुकुमोतो (१९४३–२०२१). वयाच्या पंधराव्या वर्षी ते तोएईत दाखल झाले. ते पडद्यावर पन्नास हजार वेळा मेले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाई. वार बसताच शरीर धनुष्यासारखे मागे वाकवून क्षणभर ताठरायचे आणि मग कोसळायचे, ही त्यांची खासियत होती. या मागे वाकण्याला कोळंबीच्या आकारावरून नाव पडले आहे. त्या वाकण्यात एक व्यावहारिक शहाणपणही होते. पुढे पडणाऱ्या नटाचा चेहरा कॅमेऱ्याला दिसत नाही, मागे वाकणाऱ्याचा दिसतो.

हॉलिवूडच्या ‘द लास्ट सामुराई’ (२००३) या चित्रपटात टॉम क्रूझ यांच्या पात्रावर पहारा ठेवणाऱ्या मूक सामुराईची भूमिका फुकुमोतो यांनी केली. ‘उझुमासा लाइमलाइट’ (२०१४) या चित्रपटात ते प्रथमच प्रमुख भूमिकेत दिसले. काम आटत चाललेल्या एका वयोवृद्ध किरारेयाकूची ती कथा होती. त्या भूमिकेसाठी माँट्रियल येथील फँटेशिया चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. आयुष्यभर हरण्याचे काम करणाऱ्या नटाला सत्तरी ओलांडल्यावर मिळालेले हे यश त्याच्या पेशाचाही गौरव ठरले.

मुखवट्याआडचा अभिनय

दुसरी महत्त्वाची शाखा ‘तोकुसात्सु’ची, म्हणजे विशेष दृश्यपरिणामांवर आधारित चित्रपट आणि मालिकांची. ‘गॉडझिला’ (१९५४) या चित्रपटात राक्षसाचा अवजड पोशाख हारुओ नाकाजिमा यांनी पेलला. या भूमिकेसाठी त्यांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलांच्या चालीचे निरीक्षण केले होते. १९६६ मध्ये आलेल्या ‘अल्ट्रामॅन’ने राक्षसाशी लढणारा मानवाकृती नायक दिला. ३ एप्रिल १९७१ पासून सुरू झालेल्या ‘कामेन रायडर’ने मानवी उंचीच्या मुखवटाधारी नायकाची लढाई घराघरांत पोहोचवली.

‘कामेन रायडर’च्या साहसदृश्यांची जबाबदारी तलवारबाजीच्या परंपरेतून आलेल्या ‘ओनो केनयूकाई’ या गटाकडे होती. आरंभीच्या भागांत प्रमुख नट हिरोशी फुजिओका स्वतःच पोशाख घालून लढत असत. चित्रीकरणात मोटारसायकलचा अपघात होऊन त्यांचा पाय मोडला आणि मालिकाच अडचणीत आली. निर्मात्यांनी ताकेशी सासाकी यांना दुसरा रायडर म्हणून आणले. सासाकी यांच्याकडे मोटारसायकल चालवण्याचा परवाना नव्हता. त्यामुळे धावत्या गाडीवर वारा झेलून रूपांतर होण्याऐवजी हात विशिष्ट रीतीने फिरवून, ‘हेनशिन’ असा उच्चार करून रूपांतर होण्याची मुद्रा योजण्यात आली. जपानी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी अंगणात केलेली ती मुद्रा एका अपघातातून आणि एका अडचणीतून जन्मली. नायकाच्या पोशाखात प्रशिक्षित साहसकलावंतच असावा, ही पद्धतही त्या अपघातानंतर पक्की झाली.

मुखवट्याआडून काम करणे दुहेरी अवघड असते. डोळ्यांच्या जागी असलेल्या बारीक फटींतून समोरचे अर्धेमुर्धे दिसते, श्वास कोंडतो, उन्हाळ्यात पोशाख भट्टीसारखा तापतो. अशा स्थितीत कोलांटी मारायची, सुरुंगांच्या धुरातून धावायचे आणि ठरलेल्या खुणेवर थांबायचे असते. चेहरा झाकलेला असल्याने भावना मानेच्या झुकण्यातून, खांद्यांच्या उतारातून, मुठीच्या आवळण्यातून व्यक्त कराव्या लागतात. संवादांचा आवाज बहुधा नंतर मुख्य नट देतो. पोशाखातील कलावंताला त्या आवाजाची लय आधीच शरीरात आणावी लागते. जवळच्या दृश्यांसाठी रेखीव, टणक मुखवटा आणि लढाईसाठी हलका, लवचिक मुखवटा असे वेगवेगळे संचही वापरले जातात.

या कामातील मानदंड म्हणून सेइजी ताकाइवा यांचे नाव घेतले जाते. २००१ पासून जवळपास दोन दशके, मोजका अपवाद वगळता, प्रत्येक ‘कामेन रायडर’ मालिकेतील प्रमुख रायडरच्या पोशाखात तेच होते. ‘कामेन रायडर डेन-ओ’ (२००७) या मालिकेत नायकाच्या शरीरात वेगवेगळ्या स्वभावांच्या शक्ती संचारतात. कोणती शक्ती आली आहे, हे ताकाइवा यांनी केवळ उभे राहण्याच्या आणि चालण्याच्या ढंगातून दाखवले. स्त्री-नायिकांच्या पोशाखांत दीर्घकाळ पुरुष कलावंत काम करीत. युइची हाचिसुका त्यासाठी विशेष ओळखले जात. काबुकीतील स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांशी याची तुलना होते.

संस्थात्मक शिक्षण

साहसकलावंतांना संघटित शिक्षण देण्याचे श्रेय सॉनी चिबा (१९३९–२०२१) यांच्याकडे जाते. क्योकुशिन कराटेचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांचे शिष्य असलेल्या चिबा यांनी १९७० मध्ये ‘जपान ॲक्शन क्लब’ स्थापन केला. कसरत, तलवारबाजी, उंचावरून उडी आणि अभिनय यांचे एकत्रित शिक्षण येथे मिळे. साहसदृश्य करणारा हा आधी नट असला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. हिरोयुकी सानादा आणि एत्सुको शिहोमी याच संस्थेत घडले. शिहोमी यांनी १९७४ मध्ये ‘सिस्टर स्ट्रीट फायटर’मधून स्वतः लढणारी नायिका उभी केली. ‘स्पेस शेरिफ गॅव्हान’ (१९८२) या मालिकेचे नायक केंजी ओबा हेही क्लबचेच. मुखवट्याआडून वर येऊन ते प्रमुख नट झाले. ही संस्था आता ‘जपान ॲक्शन एंटरप्राइझ’ या नावाने ओळखली जाते. १९७५ मध्ये ‘गोरेंजर’पासून सुरू झालेल्या आणि २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या ‘सुपर सेंताई’ मालिकांतील साहसदृश्यांवर तिची ठसठशीत मुद्रा आहे. उद्यानांतून होणारे नायकांचे रंगमंचीय प्रयोग हीदेखील नवोदितांची शाळाच. तेथे दुसरा ‘टेक’ नसतो आणि पुढच्या रांगेतील मूल चूक लगेच पकडते.

सीमेपलीकडे

भारतीय प्रेक्षकांची या कलेशी ओळख बहुतेकदा तिचे नाव न कळताच झाली. १९६७ ची ‘जायंट रोबो’ ही तोएईची मालिका १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ म्हणून दाखवली गेली. पुढे ‘पॉवर रेंजर्स’ हिंदीत भाषांतरित होऊन उपग्रह वाहिन्यांवर आली. २८ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या या मालिकेत मुखवटाधारी लढाईची बरीचशी दृश्ये ‘झ्यूरेंजर’ (१९९२) या जपानी मालिकेतून घेतलेली होती; अमेरिकी नटांची मुखवटाविरहित दृश्ये त्यांना जोडण्यात आली. जपानी मालिकेतील पिवळा योद्धा पुरुष होता, अमेरिकी आवृत्तीत ते पात्र मुलीचे झाले. म्हणूनच गुलाबी योद्धीच्या पोशाखाला असलेला आखूड झगा पिवळ्या पोशाखाला नव्हता. भारतातील ज्या मुलांनी ही मालिका पाहिली, त्यांनी जपानी साहसकलावंतांचेच काम पाहिले होते.

उलट दिशेनेही प्रवाह वाहिला. कोइची साकामोतो यांनी अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स’साठी दीर्घकाळ काम केले आणि नंतर जपानमध्ये परतून ‘कामेन रायडर’चे दिग्दर्शन केले. हाँगकाँगमध्ये डॉनी येन यांच्यासोबत काम केलेले केंजी तानिगाकी ‘रुरोनी केनशिन’ (२०१२) या चित्रपटाचे साहस-दिग्दर्शक झाले. जपानी तातेतील थांबा आणि हाँगकाँगच्या लढायांचा अखंड वेग यांचा मेळ त्यात दिसतो. २०२४ मध्ये ‘शोगुन’ या मालिकेने १८ एमी पुरस्कार मिळवले. जपान ॲक्शन क्लबमधून घडलेले सानादा त्यात सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले.

आजचे प्रश्न

हा गौरव होत असतानाच मूळ भूमी आकसत आहे. १९६९ पासून चाललेली ‘मितो कोमोन’ ही ऐतिहासिक मालिका डिसेंबर २०११ मध्ये संपली. अशा मालिका बंद झाल्यावर किरारेयाकूंचे नियमित काम गेले. ताते पुस्तकातून शिकता येत नाही. अनुभवी नटासमोर उभे राहून, त्याच्या वाराची लय अंगात मुरवूनच ती शिकावी लागते. चित्रीकरणच नसेल, तर ही शिकवणी बंद पडते.

सुरक्षिततेचा प्रश्नही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. बहुसंख्य कलावंत कोणाचेही नोकर नसल्याने कामगार अपघात विम्याच्या सर्वसाधारण कक्षेबाहेर होते. एप्रिल २०२१ पासून मनोरंजन क्षेत्रातील स्वतंत्र कलावंतांना या विम्यात विशेष नोंदणीची सोय झाली. मात्र हप्ता त्यांनाच भरावा लागतो. मान्यतेच्या बाबतीत जगभर बदल होत आहे. भारतात २०१६ च्या चित्रपटांसाठी दिलेल्या ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून साहस-दिग्दर्शनाला स्वतंत्र पुरस्कार मिळू लागला, तर ऑस्करमध्ये २०२७ च्या चित्रपटांपासून स्टंट-रचनेचा विभाग सुरू होणार आहे.

या पार्श्वभूमीवर ‘अ सामुराई इन टाइम’ या अल्प खर्चाच्या स्वतंत्र चित्रपटाचे यश बोलके आहे. दिग्दर्शक जुनिची यासुदा यांच्या या चित्रपटात जुन्या काळातील एक खरा सामुराई आजच्या क्योतोतील स्टुडिओत येऊन पोहोचतो आणि पोटासाठी किरारेयाकू होतो. त्यातील तातेशीची भूमिका फुकुमोतो यांच्यासाठी योजलेली होती. त्यांच्या निधनानंतर ती रानतारो मिने यांनी केली. ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला हा चित्रपट देशभर पोहोचला आणि मार्च २०२५ मध्ये जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. ज्या नटांचे नाव श्रेयनामावलीत शोधावे लागत असे, त्यांचीच कथा त्या वर्षी जपानी चित्रपटसृष्टीने सर्वश्रेष्ठ ठरवली.